चढणीला लोड गाडी आणि चार इंडिकेटर

साखरप्याला चहा घेऊन आंबा घाट चढायला लागलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले असतील. गाडी दहा टायर, हौद्यात सिमेंटची पोती, वर ताडपत्री. चढण लागली तशी गाडी विशीवर आली आणि मी शहाण्यासारखे चारी इंडिकेटर लावले. थोड्या वेळाने मागून एक बस आली, आणि नेमक्या वळणावर तिने मला ओव्हरटेक करायला घेतलं. समोरून टेम्पो. टेम्पोवाल्याने चाक गटारात घातलं म्हणून तिघेही वाचलो. वर आंबा गावात बस थांबली होती. तिचा ड्रायव्हर माझ्याकडे तावातावाने आला. "ओ भाऊ, डावा दाखवता आणि सरळ काय चालवता? साइड दिलीत म्हणून मी काढली!"

मी म्हटलं, डावा कुठला, चारी लावलेत. तो काही बोलला नाही, दंड धरून मला गाडीच्या मागे घेऊन गेला. ताडपत्रीचं एक टोक सुटून उजव्या टेल लॅम्पवर लोंबत होतं. मागून बघणाऱ्याला दिसत होता तो फक्त डावा दिवा, उघडझाप करणारा. माझ्या डॅशवर मात्र दोन्ही हिरवे बाण अगदी व्यवस्थित लुकलुकत होते.

या दिव्यांना आपल्याकडे कोणी हॅझर्ड म्हणतं, कोणी पार्किंग, कोणी नुसतं 'चारी लाव' म्हणतं. हे बटण मुळात बंद पडलेल्या, रस्त्यात अडकलेल्या गाडीसाठी आहे. पण चढणीला लोड गाडी मुंगीच्या पावलाने चालली असेल तर मागच्याच्या दृष्टीने ती जवळजवळ उभीच असते. म्हणून ते चालत्या गाडीतही कामाला येतं. फक्त ते कधी दाबायचं आणि कधी बंद करायचं हे कळलं पाहिजे. चुकीच्या वेळी लावलेले चार इंडिकेटर, न लावलेल्यांपेक्षा वाईट.

गाडी इतकी हळू का होते

बऱ्याच कारवाल्यांना वाटतं ट्रकवाला मुद्दाम रेंगाळतो. त्यांच्यासाठी हा हिशोब. दहा टायरची गाडी कायद्याने २८.५ टनांपर्यंत भरता येते, गाडीच्या स्वतःच्या वजनासकट. घाटातला ६ टक्क्यांचा चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. २८.५ टनांचे ६ टक्के म्हणजे सुमारे १.७ टन. टायर घसटण्याचा विरोध धरला तर १.९ टन. म्हणजे इंजिन पूर्ण घाटभर जवळजवळ दोन टनांचा बोजा सरळ वर उचलत असतं. २०० हॉर्सपॉवरच्या इंजिनातून गिअरबॉक्स, जॉइंट, हाउसिंग यांत थोडी ताकद जाऊन चाकापर्यंत १७० च्या आसपास पोहोचते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याची ताकद. गुणाकार-भागाकार केला की सेकंदाला पावणेसात मीटरच्या आत, ताशी २४ किलोमीटर येतात. हे गाडी ठाकठीक असेल तर. एअर फिल्टर चोंदलेला, टर्बो थकलेला, क्लच घसरणारा असेल तर पंधरावर येते. यात ड्रायव्हरच्या आळसाचा काही संबंध नाही.

आता मागच्याचं बघू. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी झालेल्या भागात कार ८० ने येते. तुम्ही २४ वर. फरक ५६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपंधरा मीटर. १०० मीटरचं अंतर साडेसहा सेकंदात संपतं. वळणामुळे ५० मीटरच दिसत असेल तर सव्वातीन सेकंद, आणि त्यातले दीड-दोन सेकंद माणसाचं डोकं चालून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जातात. रस्ता ओला असेल तर पुढचं बोलायलाच नको.

जुन्या दुपदरी रस्त्यावर हे इतकं नव्हतं. कशेडी, परशुराम, भोस्ते या घाटांत सगळेच चाळीशीच्या आतबाहेर. चाळीस आणि चोवीस यांतला फरक सोळा, १०० मीटर संपायला बावीस सेकंद. रस्ता वाईट होता, खड्डे होते, पण मागून येणाऱ्याला वेळ मिळायचा. रस्ता रुंद झाला, कारचा वेग दुप्पट झाला, आपली लोड गाडी मात्र चढणीला तिथेच आहे. म्हणून माझं मत असं की चार इंडिकेटरची गरज अरुंद घाटापेक्षा नव्या रुंद चढणींवर जास्त आहे. घाटात लोक सावध असतात. रुंद रस्त्यावर त्यांना वाटतं समोर कोणी नाहीच.

निघण्याआधी, गाडीच्या मागे जाऊन

घाटाच्या पायथ्याला थांबायची आपली पद्धत जुनी आहे. पाणी बघायचं, हवा बघायची, टायरवर हात फिरवायचा, नारळ फोडायचा असेल तर फोडायचा. त्यात दोन मिनिटं मागच्या दिव्यांना द्या.

आधी डावा इंडिकेटर लावा आणि खाली उतरून बघा, मग उजवा, मग चारी. एकदम चारी लावून बघू नका. एका बाजूचा बल्ब गेला असेल तर नुसत्या इंडिकेटरला बहुतेक गाड्यांत टकटक जलद होते आणि कळतं. चारी लावले की ती टकटक फारशी बदलत नाही, आणि बल्ब गेलेला लक्षात येत नाही. नीट चालणारा इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लागतो. त्याहून भराभर लुकलुकला तर बल्ब किंवा फ्लॅशर, म्हणजे दिव्याची उघडझाप करणारी डबी, बघा. बाजारातले स्वस्त एलईडी लावलेत तरी असंच होतं, कारण ते करंट कमी खेचतात आणि जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्बच नाही. क्लीनर बरोबर नसेल तर गाडी एखाद्या भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीच्या काचेकडे पाठ करून लावा. उजेड आरशात दिसतो.

कोकणातला खरा शत्रू खारी हवा आणि लाल माती. मासळीची गाडी असेल तर वरून गळणारं मिठाचं पाणी थेट मागच्या वायरिंगवर. जयगड, मिरकरवाडा अशा बंदरांवर रोज जाणाऱ्या गाडीची अर्थिंगची वायर (दिव्यांचा करंट चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, परत नेणारी) वर्षभरात हिरवी पडते. अर्थिंग गेल्याची खूण सोपी आहे. इंडिकेटर लावला की टेल लॅम्पही मिणमिणतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर अर्धवट पेटतो, सगळे दिवे एकमेकांत घुसल्यासारखे होतात. अशी गाडी घाटात घेऊन गेलात तर मागच्याला कसला इशारा आहे ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. चासीला जिथे वायर बोल्टने कसली आहे तो बोल्ट सोडा, वायरचं टोक आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, परत कसा, वर ग्रीसचा किंवा व्हॅसलीनचा हात मारा. वीस मिनिटांचं काम, खर्च शून्य.

चिऱ्याच्या खाणीतून निघालेल्या गाडीचे मागचे दिवे बाहेरच्या डांबरीवर येईपर्यंत लाल चिखलाने बुजलेले असतात. त्या काचेतून पिवळा दिवा लाल दिसतो, रात्री तर दिसतच नाही. एक ओलं फडकं फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ, बांधून ठेवा. काच पुसताना मागची परावर्तक पट्टीही पुसा. नियमाने गाडीच्या पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल पट्टी लागते. दिवे दगा देतात तेव्हा ही पट्टीच मागच्याच्या हेडलाइटात चमकते.

आणि ताडपत्री. दोर बांधून झाला की लोंबणारी टोकं दुमडून दोराखाली खोचा, फाळक्याच्या साखळीला पिशव्या, टायरचे तुकडे, मिरच्या-लिंबू काय लटकवलंय ते बघा. दिव्यासमोर काही नको. मागे लाल-निळ्या-हिरव्या फिरत्या एलईडी माळा लावल्या असतील तर त्या काढा. त्या झगमगाटात पिवळा इंडिकेटर हरवतो. हौस असेल तर केबिनमध्ये लावा.

कधी लावायचे

माझा साधा हिशोब आहे. माझा वेग मागून येणाऱ्यांच्या वेगाच्या निम्म्याहून खाली जाणार असेल तर चारी लावायचे. 'गेला असेल' नव्हे, 'जाणार असेल'. गाडी वीसवर आल्यावर बटण शोधायला लागलात तर उशीर झाला, कारण मागचा तोपर्यंत अंगावर आलेला असतो. चढणीच्या तोंडाशी, पहिल्यांदा गिअर खाली घेता त्याच वेळी डाव्या लेनमध्ये आलेले असावं, आरशात बघून झालेलं असावं आणि बटण दाबलेलं असावं. गिअर उतरवणं आणि दिवे लावणं ही एकाच हालचालीची सवय केली की विसरायला होत नाही.

मागे गाड्यांची रांग लागली आहे आणि सगळेच वीसने चाललेत, अशा वेळी चारी लावायची गरज फक्त रांगेतल्या शेवटच्या गाडीला. तीही नवीन गाडी मागे येऊन लागेपर्यंत. रांगेतल्या वीस ट्रकांनी एकदम चारी लावले की दिवाळी होते, आणि त्यातला एखादा खरोखर बंद पडला असेल तर ओळखू येत नाही. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी असते ती उठली की पहिल्या रात्री हे दृश्य हमखास दिसतं.

रिकामी गाडी पन्नासने चढत असेल तर लावू नका. वेगाचा फरक नाही, सांगण्यासारखं काही नाही.

सरळ जायचं आहे म्हणून चौकात चारी लावायचे, ही एक मूर्ख पद्धत पडली आहे. हातखंब्याला, पालीला, कुठल्याही तिठ्यावर बघा. बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याला तुमची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं तुम्ही त्याच्याकडे वळताय. सरळ जाण्यासाठी कुठलाच इशारा नसतो, सरळ जायचं. बोगद्यातही तेच. टेल लॅम्प आणि हेडलाइट लावा, लेन धरा, इतकंच. बोगद्यात चारी लागले म्हणजे मागच्याने समजायचं की पुढे गाडी अडली आहे.

चढताना

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. चारी लागले असताना तुमच्याकडे इंडिकेटर नाही. बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा वर-खाली केला तरी चारही दिवे तसेच लुकलुकत राहतात. म्हणजे लेन बदलायच्या आधी बटण बंद, मग दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग उजवा, मग आरसा, मग हळूच बाहेर. परत आत येताना डावा, आत आल्यावर दांडा सरळ, आणि मग पुन्हा चारी. मधले ते दोन-तीन सेकंद महत्त्वाचे. चारीवरून थेट उजव्यावर गेलात तर मागच्याच्या डोळ्याला बदल जाणवायलाच वेळ लागतो.

मुळात चढणीला लोड गाडीने लोड गाडीला काढू नये. तो बावीसने, तुम्ही चोवीसने. त्याच्या शेजारून निघून पूर्ण पुढे जायला पंचवीस-तीस मीटर जास्त चालावं लागतं, आणि ताशी दोन किलोमीटरच्या फरकाने त्याला पाऊण मिनिटाहून जास्त लागतं. तेवढा वेळ दोन्ही लेन बंद. वर पोहोचल्यावर वाचतात ते किती, एखादं मिनिट. कामथ्याच्या चढावर दोन ट्रक शेजारी-शेजारी कुथत चाललेत आणि मागे अर्धा तालुका हॉर्न वाजवतोय, हे तुम्हीही बघितलं असेल.

मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर इंडिकेटरने सांगू नका. कोणी 'जा' म्हणून डावा देतो, कोणी उजवा देतो, परराज्यातल्या गाडीचा अर्थ आणखी वेगळा. त्याला समोरचं दिसत नाही, तुमच्या दिव्यावर विश्वास ठेवून तो निघतो, आणि जबाबदारी कोणाची हे नंतर ठरवत बसायची वेळ येते. डावीकडे सरका, वेग एकसारखा ठेवा, तो स्वतः बघून निघेल. मागे दहा गाड्या साचल्या असतील तर रुंद जागा येताच डावा देऊन आत घ्या आणि सोडून द्या सगळ्यांना. कुंभार्लीत, अणुस्कुऱ्यात अशा जागा कमी आहेत. कुठे आहेत ते एकदा दिवसाउजेडी बघून ठेवा.

अरुंद घाटात समोरून उतरणारी गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं, हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही आहे. कारण उघड आहे. चढणीला थांबलेली लोड गाडी परत उचलताना मागे सरते, क्लच जळतो. पण समोरचा हा नियम वाचून आला असेलच असं नाही. आखूड वळणाआधी हॉर्न द्या, रात्री डिपर द्या, आणि तो थांबत नाही असं दिसलं तर तुम्ही थांबा. तुमचे पुढचे दोन्ही इंडिकेटरही लुकलुकत असतात, त्याने तो निदान जरा दबकतो.

पावसात आणि धुक्यात

जून ते सप्टेंबर हा वेगळा विषय आहे. आंबोलीला, गगनबावड्याच्या करूळ घाटात, आंब्याला दुपारी बाराला बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. अशा वेळी पहिलं काम टेल लॅम्प आणि खाली केलेला हेडलाइट. चार इंडिकेटर त्यानंतर, आणि तेही गाडी खरंच हळू असेल तरच. धुक्यात स्थिर दिवा बघून अंतर कळतं. उघडझाप करणाऱ्या दिव्याने 'इथे काहीतरी आहे' एवढंच कळतं, किती लांब आहे ते कळत नाही. नुसते चारी लावून टेल लॅम्प बंद ठेवणारे महाभाग आहेत. त्यांच्या मागे मी दोन वेळा जवळ जवळ चिकटलोय.

पाऊस कोसळतोय म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या कारनी चारी लावून पन्नासने जायचं, हेही हल्ली फार वाढलंय. त्या गर्दीत कोण वळणार, कोण थांबणार काही कळत नाही, आणि खरोखर हळू चढणाऱ्या ट्रकचा इशाराही त्यात बुडून जातो.

गाडी बसली तर

पाणी उकळलं, हाफ शाफ्ट (मागचं चाक फिरवणारा दांडा) गेला, डिझेलमध्ये हवा आली. चढणीला काहीही होऊ शकतं. चारी आधीच लागलेले असतात, ते तसेच राहू द्या. वळणावर थांबू नका, गाडीत जीव असेल तोवर सरळ भागापर्यंत न्या. हँडब्रेक ओढा, इंजिन चालत असेल किंवा नसेल, क्लीनरने पहिल्यांदा मागच्या चाकाखाली ठोकळा किंवा दगड लावायचा. बाकी सगळं त्यानंतर. पुढचं चाक डोंगराच्या बाजूला वळवून ठेवा. गाडी मागे सरलीच तर मागचा भाग दरीकडे जातोय की डोंगराकडे याचा अंदाज आधी घ्या आणि त्याप्रमाणे स्टेअरिंग फिरवा. मागचा भाग डोंगराला टेकला पाहिजे.

लाल त्रिकोण गाडीला टेकून ठेवण्यात अर्थ नाही. निदान ५० पावलं मागे, आणि मागे वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण घेण्याआधी दिसेल असा. झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवायची आपली रीत चालते, पण निघताना ते दगड उचला. रात्री त्याच दगडावरून मोटारसायकलवाले पडतात.

रात्र काढायची वेळ आली तर बॅटरी उतरेल म्हणून चारी बंद करू नका. मागचे-पुढचे चार आणि बाजूचे दोन मिळून सहा बल्ब २१ वॅटचे धरले तरी १२६ वॅट, २४ व्होल्टला सव्वापाच अँपिअर. उघडझाप असल्याने निम्मा वेळ बंद, म्हणजे अडीच-पावणेतीन. आठ तासांत वीस-बावीस अँपिअर-तास. शंभरच्या वरची चांगली बॅटरी हे सहज सोसते. बंद करायचं असेल तर केबिनमधला टेप बंद करा.

मागच्या कारवाल्यांसाठी थोडं

पुढे पिवळं लुकलुकताना दिसलं की ब्रेक नाही, आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा. एकच दिवा लुकलुकतोय असं दिसलं तर तो इंडिकेटर असेल किंवा चारींपैकी दुसरा झाकला असेल. ते नक्की होईपर्यंत त्याच्या मागेच राहा. ट्रकच्या बुडाला चिकटून राहिलात तर ना तुम्हाला समोरचं दिसत, ना त्याला आरशात तुम्ही. चार गाड्यांचं अंतर ठेवा, मग रस्ता उघडतो तो तुम्हालाच आधी दिसतो.

वर आल्यावर

ही सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. घाट संपला, गाडी मोकळी झाली, वारा लागला, गाणं लागलं, आणि चारी तसेच. आंब्याहून मलकापूरपर्यंत लुकलुकत गेलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. पुढे फाट्यावर उजवीकडे वळायचं म्हणून ड्रायव्हर दांडा ओढतो, मागून बघणाऱ्याला काहीही बदल दिसत नाही, तो उजवीकडून काढायला येतो. मी त्यासाठी गिअरची खूण ठेवली आहे. चढणीच्या तोंडाशी गिअर खाली आला तेव्हा बटण दाबलं होतं, माथ्यावर वरचा गिअर पडला की तोच हात तसाच डॅशकडे जातो आणि बटण बाहेर येतं. उतरणीला पुन्हा गाडी खालच्या गिअरात विशीवर धरायची असेल तर पुन्हा दाबायचं, हिशोब तोच. आणि पहिल्या चहाच्या टपरीला थांबलात की उतरून एकदा मागे जाऊन या. ताडपत्री वाऱ्याने परत सुटलेली असते.